रोज गप्पा होतात, समोर भेटल्यावर मात्र बोलती बंद. इंदूरकर, तुमचं काय?

जिरावन | ३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

परवा शनिवारी विजयनगरच्या एका हॉटेलात सोशल मीडियावाल्यांची दिवसभराची परिषद होती. शीतलामाता बाजारात सासऱ्यांचं साड्यांचं दुकान आहे, त्याचं इन्स्टाग्राम मी सांभाळते, म्हणून गेले. फी भरून गेले हो, फुकट नाही.

नोंदणीच्या टेबलावर गळ्यात नावाचा पट्टा अडकवला. नाव एकाच बाजूला छापलेलं, आणि तो पट्टा फिरून फिरून कोरी बाजूच पुढे आणायचा. दिवसभर सगळे एकमेकांच्या पोटाकडे बघत होते.

चहाच्या सुट्टीत शेजारी उभी राहिलेली मुलगी तीच निघाली, जिच्या बांधणीच्या रीलवर मी दोन वर्षं कमेंट करतेय आणि जी माझ्या प्रत्येक पोस्टला बदाम टाकते. ‘अय्या, तू!’ झालं, सेल्फी झाली. आणि मग काहीच नाही. ती तिच्या फोनमध्ये, मी माझ्या. बिस्किट संपेपर्यंत कशाबशा उभ्या राहिलो. रात्री तिने सेल्फी टाकली, खाली लिहिलं, ‘किती गप्पा मारल्या आज!’ मी त्याखाली लिहिलं, ‘हो ना, वेळ कसा गेला कळलंच नाही.’

धडधडीत खोटं बोललो दोघी.

आपलं इथलं मंडळ गेली तीन वर्षं ‘एकदा भेटू या’ म्हणतंय. मी पुढाकार घ्यायला तयार आहे, पण तिथेही असंच होणार असेल तर राहू दे. तुम्ही अशा भेटींना, पार्ट्यांना, परिषदांना गेला असाल तर सांगा, लोक बोलते कसे होतात?

माळव्याचा_माणूस | ९.४६

सराफा. रात्री नऊ. विषय संपला भिया.

शब्दखूण | ९.५८

सराफा नको. त्या रात्रीच्या खाऊगल्लीत आधीच ओळख असलेल्यांनी जावं. उभ्याने खायचं, मागून ढकलाढकली, कढईचा आवाज, आणि जोशींचा दहीबडा हवेत उडाला की झाडून सगळ्यांचे फोन वर. माणसाचं तोंड दिसतच नाही, फक्त कोपर दिसतं.

जिरावनताई, परिषदांबद्दल माझी वेगळीच तक्रार आहे. मागे एका कॅफेच्या उद्घाटनाच्या पार्टीला गेले होते. पहिला प्रश्न नाव नाही, गाव नाही, ‘तुमचे फॉलोअर किती?’ मी म्हटलं अकराशे. समोरच्या बाईंची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली ती परत आलीच नाही. आमच्या आजेसासूबाई नव्या माणसाला आधी गोत्र विचारायच्या. म्हणजे प्रगती काय झाली, तर प्रश्न बदलला.

आणि खाणं! पनीर टिक्का आला, त्याच्यावर रिंग लाइट धरला, चौघींनी चार कोनांतून व्हिडिओ काढले. वीस मिनिटांनी खायची परवानगी मिळाली तेव्हा त्याचं रबर झालं होतं.

डोंबिवली_फास्ट_स्लो | १०.०५

कट्टा ठरला तर मी अवंतिका एक्स्प्रेसने येतो. रात्री बसलं की सकाळी इंदूर. पोह्यांवर शेव टाकता ते मी कधीच माफ केलंय.

माळव्याचा_माणूस | १०.०७

माफ?? भिया, शेव नसलेले पोहे म्हणजे नुसता आजाऱ्याचा आहार.

व्याकरणमास्तर | १०.२२

शीर्षकातला ‘बोलती बंद’ हा हिंदी प्रयोग आहे. मराठीत ‘तोंडाला कुलूप’, ‘दातखीळ बसणे’ असे उत्तम पर्याय आहेत. बाकी चालू द्या.

शब्दखूण | १०.२५

मास्तर, इंदूरच्या मराठीत हिंदी सापडली नाही तर लोक पाहुणे समजतात.

कोडकरी | १०.५१

आयटीत आहे, दहाएक वर्षं परिषदांना जातोय. खरं सांगतो, भाषणं मी ऐकतच नाही. ती नंतर यूट्यूबवर येतातच. माणसं भेटतात ती व्हरांड्यात.

हे ओळखूनच २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत बारकॅम्प सुरू झाला. वक्ते आधी ठरलेले नाहीत. सकाळी फळ्यावर ज्याला जे बोलायचंय त्याने ते लिहायचं, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर त्याने उठून दुसऱ्या खोलीत जायचं, कोणी रागवायचं नाही. पुढच्या वर्षी वर्डप्रेसवाल्यांनी (ब्लॉग, वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर) सॅन फ्रान्सिस्कोत पहिला वर्डकॅम्प भरवला, आता ते जगभर होतात.

ट्विटरचं तर बघा. सुरू झालं २००६ मध्ये, पण लोकांच्या डोळ्यांत भरलं ते मार्च २००७ मध्ये, ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात. व्हरांड्यात मोठे पडदे लावले होते आणि तिथेच हिंडणाऱ्या लोकांचे ट्विट त्यावर सरकत होते. कुठल्या खोलीत मजा चाललीय, संध्याकाळी कुठे बसायचं, हे त्यावरून कळायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्रिस मेसिनाने हॅशटॅगची कल्पना मांडली, तेव्हा त्याने दिलेलं उदाहरणही बारकॅम्पचंच होतं. एकाच इमारतीतल्या लोकांनी एकमेकांना शोधावं म्हणून ही यंत्रं कामाला आली. आपण बरोबर उलटं करतो. एका टेबलाशी बसतो आणि तिथून ऑनलाइन पळतो.

उपाय म्हणाल तर एक सांगतो, मी वापरून बघितलेला. एरिक होल्शर म्हणून एक आहेत, परिषदा भरवतात. त्यांचा ‘पॅकमॅन नियम’ आहे. गोल करून उभे असाल तर एका माणसाची जागा मोकळी सोडायची, त्या जुन्या व्हिडिओ गेममधल्या पॅकमॅनच्या उघड्या तोंडासारखी. कोणी येऊन त्या जागेत उभं राहिलं की सगळ्यांनी सरकायचं आणि पुन्हा एक जागा मोकळी करायची. नवख्या माणसाला ‘मी येऊ का?’ विचारावं लागत नाही. पूर्ण बंद गोल म्हणजे पाठींची भिंत असते हो, तिच्यावर टकटक कशी करणार?

आणि नाव दोन्ही बाजूंना छापायचं. यात काही तत्त्वज्ञान नाही, पंधरा मिनिटांचं काम आहे.

गोदाकाकू | ११.०३

पंगतीत उशिरा पाहुणा आला की सगळे सरकून एक पाट मांडतात, तेच ना हे?

कोडकरी | ११.०४

काकू, तेच. फक्त त्याला इंग्रजी नाव मिळालं की आम्ही ऐकतो.

आडवातिडवा | ४ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी ओततो. भेटायचंच कशाला?

मला इथली माणसं आवडतात ती लिहिणारी म्हणून. प्रत्यक्षात कोण कसं घोरतं, कोण बिल देताना खिसे चाचपतं, हे कळून माझ्या आयुष्यात काय भर पडणार आहे? दोन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या ऑपरेशनला रक्त हवं होतं. एका ग्रुपवर टाकलं, कधी न भेटलेली तीन माणसं तासाभरात हजर. तिथे कोणी आधी चहाला भेटून ‘बॉण्डिंग’ केलं नव्हतं. ओळख लिहिण्यातूनच पक्की झाली होती. भेटीगाठींचं हे वेड म्हणजे आपल्याला लिखित ओळख खरी वाटत नाही, एवढंच.

शब्दखूण | ७.४०

मुद्दा पटला. पण रक्त द्यायला शेवटी दवाखान्यापर्यंत यावंच लागलं ना त्या तिघांना?

आडवातिडवा | ७.४२

हा चावटपणा आहे, उत्तर नाही.

फोकस_गेला | ९.१०

लग्नाचे फोटो काढतो, माझं पोट अशा भेटींवर आहे. एका परिषदेत चाळीस कार्डं वाटली. त्यातून आजवर एक फोन आला, तोही ‘तुमच्याकडे ड्रोन भाड्याने मिळतो का’ म्हणून. त्याच दिवशी पार्किंगमध्ये एका माणसाची अ‍ॅक्टिव्हाची चावी हरवली होती. आम्ही दोघं पाऊण तास मोबाइलच्या उजेडात जमिनीवर ओणवे होऊन शोधत होतो. चावी त्याच्याच हेल्मेटमध्ये निघाली. त्या माणसाने मला त्याच्या घरची दोन लग्नं दिली.

नंबर सेव्ह करताना नुसतं नाव लिहू नका, कुठे आणि कशावरून बोलणं झालं ते पण लिहा. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव अजून ‘हेल्मेट चावी’ आहे.

गच्चीवरची_तुळस | ११.३५

मला एक गंभीर गोष्ट सांगायची आहे, मग चालू द्या गंमत.

दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीबरोबर एका कॅफेत बसले होते. स्टोरी टाकली, जागेचं नाव टाकलं. वीस मिनिटांत एक माणूस टेबलाशी आला. हसून म्हणाला, ‘बटाट्याला उलटी होत होती ना, आता बरा आहे का?’ बटाटा हा माझा बोका. हा माणूस माझ्या स्टोऱ्या वर्षभर बघत होता, मी त्याला ओळखतही नव्हते. त्याने काही वाकडं केलं नाही, बोलून निघून गेला. पण मी त्या दिवशी घरी सरळ रस्त्याने गेले नाही, राजवाड्याला वळसा घालून गेले.

त्यामुळे माझ्या अटी: भेट दिवसा, उघड्या जागी. तिथून काहीही थेट टाकायचं नाही. फोटो घरी पोचल्यावर, आणि ज्यांनी हो म्हटलं त्यांचेच.

कोडकरी | ११.५२

शंभर टक्के. बऱ्याच परिषदांत गळ्यातल्या पट्ट्याचे रंग वेगळे असतात. एक रंग म्हणजे फोटो चालेल, दुसरा म्हणजे माझा फोटो नको. विचारायची आणि नकार द्यायची दोन्ही अडचण वाचते. आपण लाल लोकर बांधू या. लाल म्हणजे नाही.

गोदाकाकू | ११.५५

लोकर माझ्याकडे पोतंभर आहे. नातवाने स्वेटर घालणं सोडल्यापासून.

रात्रपाळी | ५ नोव्हेंबर, पहाटे २.३०

मला इथे सगळे बडबड्या समजतात. दिवसाला वीस-वीस प्रतिसाद असतात माझे. आज पहिल्यांदाच सांगतोय, मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. ‘म’ला सगळ्यात जास्त, आणि माझं नाव ‘म’नेच सुरू होतं. बारशालाच डाव टाकला घरच्यांनी.

कुठेही गेलं की एक गोल होतो आणि ‘चला, एकेकाने आपली ओळख करून द्या’ होतं. पाळी जवळ येते तसे माझे कान गरम होतात. माझ्या आधी दोन जण उरले की मी बाथरूमला जातो. एका ऑफिसच्या कार्यक्रमात तर परत आलोच नाही, चप्पल घालून घरी.

यायचंय मला. पण ओळखीचा गोल नको, एवढी विनंती.

जिरावन | सकाळी ६.५०

गोल रद्द. आत्ताच. नाव छातीवर लिहिलेलं असेल, कोणी कोणाला तोंडी विचारायचं नाही.

आकाशवाणी_काका | दुपारी १२.२०

मी ७१ वर्षांचा. टंकायला वेळ लागतो, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

तुम्हाला वाटतं हे न बघितलेल्या मित्राला भेटणं नवीन आहे. आम्ही रेडिओवाले श्रोते हेच करायचो. सिलोन, विविध भारती आणि आपलं मालवा हाउस, म्हणजे इंदूर आकाशवाणी. पोस्टकार्ड १५ पैशांचं. फर्माइशीच्या गाण्याआधी पाच-सात नावं आणि गावं वाचायचे. झुमरीतलैया हे गाव देशाला ठाऊक झालं ते त्यानेच. कोणाचं नाव कोणत्या गाण्याला येतं यावरून आमची एकमेकांशी ओळख. ‘लाइक’ म्हणतात ना तुम्ही, ते तेव्हा निवेदक करायचा.

खांडव्याचे एक गृहस्थ होते. त्यांचं आणि माझं नाव बरेचदा एकाच गाण्याला यायचं. मी पत्र टाकलं, उत्तर आलं. दीड वर्ष पत्रं. साल १९८२ असेल, भेटायचं ठरलं. ओळखायची खूण, हातात ट्रान्झिस्टर. मीटरगेज गाडीने निघालो. महू, पातालपानी, मग घाट. कालाकुंडला गाडी थांबली की पानाच्या द्रोणात कलाकंद मिळायचा, तो दोन द्रोण घेतला, एक त्यांच्यासाठी. (पोचेपर्यंत दीड उरला.)

खांडव्याला उतरलो तर फलाटावर ट्रान्झिस्टर घेतलेले तीन जण! त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. तिघांनाही जाऊन विचारलं, तिघांनीही कॉमेंट्री चुकली म्हणून झिडकारलं. शेवटी रिकाम्या हाताचा एक माणूस पुढे आला. त्यांच्या ट्रान्झिस्टरच्या बॅटऱ्या संपल्या होत्या, म्हणून तो घरी ठेवून आले होते.

मी अठ्ठावीसचा. पत्रांवरून तेही माझ्याच वयाचे वाटले होते. निघाले पन्नाशीचे शिंपी. दुकानात नेलं, चहा पाजला, आणि दोघांची दातखीळ. (मास्तर, घ्या.) दीड वर्ष चार-चार पानं लिहिणारे आम्ही ‘ऊन फार आहे’, ‘हो, फार आहे’ करत बसलो. अर्ध्या तासाने त्यांना कोणाची तरी विजार द्यायची आठवण झाली, ते मशीनवर बसले. पाय चालू झाले आणि तोंडही चालू झालं. मी बटणं लावायला लागलो. रात्रीची गाडी चुकली तरी गप्पा संपल्या नाहीत.

हाताला काम नसलं की माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो आणि बावरतो. हाताला काम द्या.

शब्दखूण | १२.४१

काका. दीड द्रोण!

फोकस_गेला | १२.५०

बरोब्बर माझी हेल्मेटची चावी.

जिरावन | १.१५

काका, सापडलं. आमच्याकडे दरवर्षी थंडीत सासूबाई मटार सोलून फ्रीझरमध्ये ठेवतात. या वर्षी पाच किलो आणायचे म्हणताहेत आणि सोलायला मी एकटी. मंडळाला मटार सोलायला बसवू का?

माळव्याचा_माणूस | १.१७

ही ताई आपल्याला फुकटात कामाला लावते आहे. हुशार बाई. मी येतो.

डोंबिवली_फास्ट_स्लो | १.३०

म्हणजे मी रात्रभर प्रवास करून इंदूरला मटार सोलायला येऊ?

माळव्याचा_माणूस | १.३१

गराडू खायला ये. थंडी सुरू झाली, आता सराफ्यात गराडू. कंद असतो, तळलेला, वरून जिरावन (आयडी नाही, मसाला), लिंबू. भुट्ट्याचा कीस खायचा असता तर पावसाळ्यात यायला हवं होतं.

गोदाकाकू | १.४०

कीस बाराही महिने मिळतो आता, पण खरा पावसाळ्यातलाच. भुट्टा कोवळा हवा, किसल्यावर दूध निघालं पाहिजे. तुपात हिंग-मोहरी, हिरवी मिरची, मग कीस घालून मंद आचेवर परतायचा, आणि दूध थोडं थोडं. घाई केली की खाली लागतो. माझी सून मिक्सरमधून काढते, मी काही बोलत नाही.

व्याकरणमास्तर | १.५५

‘जीरावन’ की ‘जिरावन’?

जिरावन | १.५६

मास्तर, पाकिटावर दोन्ही असतं. मुद्द्यावर या. जागा कुठे?

शब्दखूण | २.१०

छप्पन दुकानला आता बसायला बाकं आहेत, पण रविवारी तिथे मुंगीला जागा नाही. लालबाग पॅलेसचं आवार घ्या. सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते म्हणजे तुळसच्या अटीत बसतं, आणि लोकमान्यनगर, सुदामानगर दोन्हीकडून जवळ. भेटायची खूण मोठं फाटक. बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये ओतून घेतलेलं. ते चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाही.

आकाशवाणी_काका | २.२५

२००१ मध्ये इथे साहित्य संमेलन झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. त्या वेळी मी माझ्या बिल्ल्यावर नावाखाली पेनने ‘इंदूर, पण मूळ ग्वाल्हेर’ एवढं लिहिलं होतं. तीन दिवसांत ग्वाल्हेरचे अकरा जण आपणहून येऊन बोलले. तेव्हा नावाखाली एखादी ओळ लिहा, समोरच्याला दोरीचं टोक मिळतं.

जिरावन | ६.३०

ठरलं. रविवार २३ नोव्हेंबर, सकाळी ९, लालबाग, फाटकाच्या आत डावीकडे. खाणं टीटीएमएम (तुझं तू, माझं मी), सतरंज्या काकू आणतील. नाव दोन्ही बाजूंना, खाली एक ओळ. लाल लोकर म्हणजे फोटो नाही. थेट काही टाकायचं नाही. गोल केलात तर एक जागा मोकळी. मटार माझे.

आडवातिडवा | ६.४५

येणार नाही. वृत्तांत टाका, आवडीने वाचेन.

जिरावन | २३ नोव्हेंबर, रात्री ९.०५

वृत्तांत.

नऊची वेळ, साडेनऊला चौघं. मला रडू यायचं बाकी होतं. दहापर्यंत सतरा झालो.

पहिली दहा मिनिटं अगदी परिषदेसारखीच गेली. सगळे एकमेकांचे बिल्ले वाचत उभे. मग काकूंनी सतरंजीवर पिशवी उलटी केली, शेंगांचा हा एवढा ढीग, आणि ‘बसा रे’ म्हणून ओरडल्या. बसले. हात शेंगांत गेल्यावर फोन धरणार कसा? बोटं हिरवी, ओली. कोडकरीचा फोन दोनदा वाजला, त्याने कोपराने बंद केला.

बिल्ल्यांवरच्या ओळी: ‘बटाट्याची आई’, ‘शेव सहन करतो’ (डोंबिवली, खरंच अवंतिकाने आला), ‘चावी हरवली असल्यास भेटा’. मास्तरांनी आपल्या बिल्ल्यावर लिहिलं होतं, ‘आज सुटी’. दिवसभर एकालाही सुधारलं नाही. एकदा मी ‘मदत केली’च्या जागी ‘मदद केली’ म्हटलं तेव्हा त्यांच्या हातातली शेंग मोडली, पण बोलले नाहीत.

मला सगळ्यात गंमत वाटली ती शब्दखूण आणि तुळसची. इथे सहा महिने एकमेकींशी भांडताहेत, तिथे शेजारी बसून एकच शेंग दोघींनी ओढली. पुढचा तासभर दोघींनी मिळून तिसऱ्याच कोणाची तरी उणीदुणी काढली. कोणाची ते लिहीत नाही. (आडवातिडवा, तुम्हाला उचकी लागली होती का?)

रात्रपाळी आला होता. त्याचं त्याने लिहावं.

आता मुख्य गोष्ट. कोडकरीच्या सांगण्यावरून बसतानाही आम्ही एक जागा मोकळी ठेवली होती. साधारण साडेदहाला एक काका आले, पांढरे बूट, कानटोपी, सरळ त्या जागेत बसले आणि शेंगा घेतल्या. काय वेग! आमच्या दोघांचं काम ते एकटे करत होते. मला वाटलं हे आकाशवाणी काका. आकाशवाणी काकांना वाटलं हे माळव्याचा माणूस. माळव्याच्या माणसाला वाटलं हे माझे सासरे. पाऊण तास बसले, वाटाण्याचे भाव, अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या मिलच्या झाक्या, हुकुमचंद मिल बंद पडली त्या वर्षाची दिवाळी, असं कायकाय सांगितलं. चिवडा खाल्ला. उठताना हात पुसत विचारलं, ‘बाकी हे आहे काय? भिशी आहे का?’

फिरायला आलेले गृहस्थ होते! मराठी ऐकू आली, जागा रिकामी दिसली, बसले.

मटार पूर्ण सोलून झाले. सासूबाईंनी विचारलं, एवढ्यात कसे झाले? मी म्हटलं, परिषद होती.

एक स्टीलचा डबा राहिलाय, झाकणावर ठोकून ‘वि. ग.’ लिहिलंय. कोणाचा?

रात्रपाळी | २४ नोव्हेंबर, पहाटे १.५०

साधारण दहा शेंगांमागे एक वाक्य. मोजत होतो. शेवटी शेवटी चार शेंगांमागे एक झालं होतं. आकाशवाणी काकांनी माझं वाक्य एकदाही स्वतः पुरं केलं नाही, नुसते सोलत थांबले. आणि हो, नाव कोणी विचारलं नाही, मीच सांगितलं. दोनदा अडकलो.

आडवातिडवा | सकाळी ७.०२

उचकी लागली होती. वृत्तांत छान. पुढच्या वेळेलाही येणार नाही. मटार उरले असतील तर घरपोच चालतील.

फोकस_गेला | ९.३०

फोटो १४ काढले, लाल लोकरवाले पाच जण वगळून ८ टाकतोय. उरलेल्या सहांत लोकर नाही, पण तोंडात चिवडा आहे, ते माझ्याकडेच राहतील.

डोंबिवली_फास्ट_स्लो | १०.१५

डबा माझा नाही. शेवेचं पाकीट मात्र माझ्या बॅगेत कोणीतरी टाकलंय.

गोदाकाकू | १०.२०

माझा नाही. माझ्या डब्यांवर ‘गो’ असतं.

कानटोपी | सायंकाळी ६.४८

नमस्कार. मी कालचा भिशीवाला. अकाउंट नातीने उघडून दीलं. मटार अजुन आहेत का, मी रोज सकाळी येतो. डबा माझा नाही.

व्याकरणमास्तर | ६.५५

काका, ‘दिलं’ ऱ्हस्व, ‘अजून’ दीर्घ. सुटी संपली. डबा माझा आहे.